वाढणाऱ्या हाताचा राग

फाल्गुन वद्य षष्ठी समीप आली, की मराठवाड्यातील वाटा आपोआप पैठणकडे वळू लागतात. आमच्या बीड जिल्ह्यातील गावोगावच्या दिंड्या पताका खांद्यावर घेऊन गोदावरीच्या रोखाने निघतात. शके १५२१ मध्ये याच तिथीस श्रीएकनाथमहाराजांनी गोदामाईच्या प्रवाहात देह ठेविला. श्रीजनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना लाभलेला अनुग्रह, गुरुशिष्यांची भेट, स्वामींचे निर्याण आणि नाथांची समाधी अशी पाच पर्वे या एका तिथीवर एकवटली आहेत, अशी संप्रदायाची श्रद्धा असल्याने ही षष्ठी पंचपर्वा म्हणून ओळखली जाते.

नाथांना आपण ‘शांतिब्रह्म’ म्हणतो. क्रोध ज्यांना शिवला नाही ते नाथ, ही त्यांची एक मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे असते. दुसरी मूर्ती अन्नदात्याची. दारी आलेला विन्मुख जाऊ द्यायचा नाही, तहानलेल्या गाढवाच्या मुखी काशीची कावड रिती करायची, तापलेल्या वाळवंटात रडणारे पोर कडेवर घ्यायचे, ते हे नाथ. आपण या दोन मूर्ती दोन निराळ्या देव्हाऱ्यांत ठेवल्या आहेत. शांतीचे कीर्तन एका दिवशी आणि परोपकाराचे दुसऱ्या दिवशी, असा आम्हा कीर्तनकारांचाही प्रघात पडला आहे. प्रस्तुत लेखकाचे मत याहून निराळे आहे. नाथांची शांती त्यांच्या पंगतीत घडली. आणि परोपकाराच्या वाटेवर जो क्रोध उत्पन्न होतो तो साधकाच्या इतर सर्व क्रोधांहून अधिक फसवा असतो, कारण तो पुण्याचे वस्त्र पांघरून येतो.

नाथांच्या शांतीच्या दोन कथा सर्वांना मुखोद्गत आहेत. पहिली गोदास्नानाची. स्नान करून परतणाऱ्या नाथांच्या अंगावर एक यवन थुंकतो, नाथ पुन्हा स्नानास जातात, तो पुन्हा थुंकतो. कोणी ही आवर्तने एकवीस सांगतो, कोणी एकशे आठ. मंडपात गर्दी असली की आकडा वाढतो, हे आमच्या व्यवसायाचे वैगुण्य समजावे. या कथेत तो यवन होता यावर काही ठिकाणी फार भर दिला जातो. परंतु दुसऱ्या कथेत नाथांना छळण्यास आलेला गृहस्थ ब्राह्मण आहे. परंपरेने या दोन्ही कथा शेजारी शेजारी जपल्या, यात मला मोठे औचित्य दिसते. पहिली सांगावयाची आणि दुसरी गाळावयाची, हा नाथांवर अन्याय होय.

ती दुसरी कथा थोडी सावकाश पाहू.

पैठणातील काही रिकामटेकड्या मंडळींना नाथांची कीर्ती साहवेना. एका गरीब ब्राह्मणास पैशाची निकड होती. मुलाची मुंज करावयाची आणि गाठी कवडी नाही. मंडळींनी त्यास सांगितले की, नाथांना एकदा राग आणून दाखव, द्रव्य आम्ही देतो. ब्राह्मण नाथांच्या वाड्यात शिरला तो पायांतील जोड्यांसह थेट देवघरात, आणि पूजेस बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. इतक्या प्रेमाने भेटणारा पाहुणा आजवर कोणी आला नव्हता, अशा आशयाचे बोलून नाथांनी त्याला भोजनास ठेवून घेतले. पाने मांडली गेली. गिरिजाबाई वाढण्यास वाकल्या आणि या गृहस्थाने त्यांच्या पाठीवर उडी घेतली. नाथ पत्नीला म्हणाले, सांभाळा, पाहुणा पडेल. गिरिजाबाईंनी उत्तर दिले की, हरीला पाठीवर घेऊन घरकाम करण्याची मला सवय आहे, याला कशी पडू देईन? ब्राह्मण खाली उतरला आणि त्याने पाय धरले. पैजेची हकिकत कळताच नाथ म्हणाले, हे आधी सांगितले असते तर तुमच्या कार्यासाठी मी रागावलो असतो!

या प्रसंगी मंडपात हशा पिकतो, टाळ्या पडतात आणि अभंगाचे पुढले चरण सुरू होते. पण तेथे क्षणभर थांबावे, असे मला नेहमी वाटते. पहिली गोष्ट गिरिजाबाईंची. त्या घरी पान उठले की दुसरे मांडले जात असे. पहाटेपासून चुलीपाशी धुरात असलेली ती बाई, हातात वाढण्याचे भांडे, आणि पाठीवर परका पुरुष! नाथांचा अपमान शब्दांचा आणि शिवाशिवीचा. गिरिजाबाईंचा अपमान देहाचा, तोही चार लोकांदेखत. क्रोध करण्याचा अधिकार त्या घरात कोणाचा अधिक होता, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे. शांतीची पदवी मात्र आपण एकट्या नाथांना दिली. गिरिजाबाई आमच्या कीर्तनांतून एका वाक्यापुरत्या येतात आणि पुन्हा स्वयंपाकघरात जातात.

‘क्षमा’ या शब्दाचा धातू ‘क्षम्’. त्याचा मूळ भाव सहन करणे, पेलणे असा. ‘सक्षम’, ‘अक्षम’ हे आपल्या रोजच्या बोलण्यातील शब्द त्याच धातूचे. ज्याला पेलवते तो क्षम. पृथ्वीलाही संस्कृतात क्षमा म्हणतात, कारण ती नांगराचा फाळ पेलते आणि नांगरणाऱ्यालाही पेलते. याउलट वैदिक ‘मन्यु’ हा क्रोधवाचक शब्द ‘मन्’ म्हणजे विचार करणे, मानणे या धातूपासून आलेला. अपमान एका निमिषात घडून जातो; त्याला आपण मनात घोळवू लागलो की त्याचा मन्यु होतो. गिरिजाबाईंनी ते ओझे अपमान म्हणून मानलेच नाही. लेकराचे ओझे म्हणून मानले आणि ते पेलले. एवढे व्याकरण त्या माउलीने हातातील भांडे न सांडता सोडवून दाखविले.

आता नाथांचे वाक्य. आधी सांगितले असते तर रागावलो असतो, याचा अर्थ काय? ज्याने क्रोध पोटात दडपून ठेवला आहे त्याला असे म्हणता येणार नाही. दडपलेला क्रोध सांगितल्या वेळी येत नाही आणि नको त्या वेळी थांबत नाही. नाथांच्या घरी क्रोध कोठीतल्या धान्यासारखा होता. कोणा गरजवंताला त्याचा उपयोग असेल तर मापून देता आला असता. आणखीही एक गोष्ट येथे दिसते. नाथांनी त्या मनुष्याच्या उर्मटपणाला उत्तर दिले नाही, त्याच्या गरजेला दिले. मुलाची मुंज अडली आहे, हे कळताच त्यांचे लक्ष तिकडे गेले. पाठीवर बसलेला माणूस अडलेला आहे, हे ज्याला दिसते त्याला राग येण्यास अवकाशच कोठे उरतो?

नाथांच्या या वृत्तीचे शास्त्रीय मूळ श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात आहे. त्याच स्कंधावरील आपली टीका नाथांनी शके १४९५ मध्ये कार्तिकी पौर्णिमेस वाराणसीक्षेत्री पूर्ण केली. त्या स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात भिक्षुगीत येते. अवंती देशातील एक ब्राह्मण शेती आणि व्यापार यांवर गबर झालेला. परंतु कवडीचुंबक इतका की आप्त, अतिथी, देव, पितर कोणालाच त्याने काही दिले नाही. पुढे धन गेले, आप्त गेले, तो भिक्षू झाला. लोक त्याची झोळी ओढत, अन्न विटाळत, त्याच्या अंगावर थुंकत. अशा स्थितीत तो स्वतःशी विचार करतो की, माझ्या दुःखाचे कारण हे लोक नव्हेत, देव नव्हेत, ग्रह नव्हेत. माझे मनच आहे. आपल्याच दातांखाली आपली जीभ सापडली, तर मनुष्य कोणावर कोपणार, असा त्याचा प्रश्न आहे. ज्या महापुरुषाने हा अध्याय मराठीत उलगडला, त्याच्याच चरित्रात थुंकण्याचा प्रसंग यावा, हे मला लक्षणीय वाटते. फरक इतकाच की, भिक्षूला शांती सर्वस्व गेल्यावर लाभली; नाथांना ती भरल्या घरात, देता देता लाभली. संसारी माणसाला दुसरी वाट अधिक जवळची आहे.

एकांतात क्रोध जिंकता येतो, हा समज महाभारतानेही मोडून काढला आहे. वनपर्वातील कौशिकाची कथा पाहावी. हा वेदाध्यायी तपस्वी झाडाखाली बसला असता वरून एका बगळीची विष्ठा अंगावर पडली. त्याने क्रोधाने वर पाहताच ती बिचारी मरून खाली पडली. तप होते, तपाचे तेज होते. परंतु पक्ष्याच्या विष्ठेपुढे ते टिकले नाही! पुढे तो भिक्षेस गेला. घरधनीण भांडी घासत होती. थांबा म्हणाली, इतक्यात तिचा भुकेला पती आला आणि ती त्याला वाढू लागली. भिक्षेस झालेल्या उशिराने कौशिक संतापला. तेव्हा त्या स्त्रीने शांतपणे सुनावले की, मी ती बगळी नव्हे. ब्राह्मणाला क्रोधाविषयीचा धर्म त्या गृहिणीने सांगितला आणि उरलेला शिकण्यासाठी त्याला मिथिलेस एका मांसविक्रेत्याकडे धाडले. तो व्याध वृद्ध मातापित्यांची सेवा करणारा होता. व्यासांनी या कथेत दोन्ही गुरू सेवा करणाऱ्यांतून निवडले, हे आपण ध्यानी घ्यावे.

तथापि सेवा केली म्हणजे क्रोध आपोआप गेला, असे कोणी समजू नये. सेवेत तर तो उलट तोंड वर काढतो. आपल्याकडील कोणत्याही अखंड हरिनाम सप्ताहाची पंगत आठवा. सात दिवस पारायण, हरिपाठ, कीर्तन. काल्याच्या दिवशी हजारो पाने. बादली हाती घेतलेला कार्यकर्ता तीन दिवस झोपलेला नसतो. त्याची सेवा खरी असते, तळमळ खरी असते. आणि तोच, एका पोराने दुसऱ्यांदा बुंदी मागितली म्हणून त्याच्यावर असा खेकसतो की पोराचा घास हातातच राहतो. कोणी विचारले तर तो म्हणेल, शिस्त नको का? हा राग शिस्तीचे नाव घेतो, कधी स्वच्छतेचे, कधी नियमाचे, कधी प्रत्यक्ष देवाचे. मुळात तो ‘मी केले’ या जाणिवेचा राग असतो. मी जागलो, मी वर्गणी गोळा केली, मी वाढतो आहे. आणि याला त्याचे काहीच नाही! वाढप्याला जेवणाऱ्याकडून पोटभर खाल्ल्याची तृप्ती पुरत नाही, नम्रताही हवी असते. तेव्हा ते अन्नदान राहत नाही. तो सौदा होतो, आणि सौद्यात आपण फसविले गेलो असे वाटून मनुष्य चिडतो.

आपला जिल्हा अवर्षणाचा. १९७२ च्या दुष्काळातील खडीची कामे, सुकडी आणि लाल मिलो आमच्या पिढीने बालपणी पाहिली. २०१५-१६ चे कोरडे वर्ष तर तरुणांच्याही स्मरणात आहे. जायकवाडीच्या जलाशयाला आपण नाथसागर म्हणतो, त्याच्या उजव्या कालव्यातून नाथांच्या नावाचे पाणी माजलगावच्या धरणापर्यंत येते. पण आभाळच फिरले की कालवा तरी काय करणार? अशा काळी टँकरपाशी माणसाची पारख होते. ज्यांनी पदरमोड करून पाणी दिले त्यांना शतशः वंदन. परंतु काहींनी पाणी दिले आणि पाणउतारा केला. हंडे घेऊन दुपारभर उभ्या असलेल्या बायांना जे ऐकावे लागले, ते पाण्याबरोबर घरी गेले आणि पाणी संपल्यावरही उरले.

तीच गोष्ट ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून लाखोंच्या संख्येने माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. षष्ठीच्या सुमारास बहुतेक फडातच असतात. मागे राहिलेल्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना शेजारची कित्येक घरे जेवू घालतात, हे या मातीचे भाग्य. पण ताटासमोर बसलेल्या लेकराला त्याच्या बापाच्या व्यसनाची किंवा उचलीच्या कर्जाची गोष्ट ऐकवू नये. बापावरचा आपला राग कदाचित रास्तही असेल. पण तो पोराच्या ताटात वाढण्याचे कारण नाही.

येथे कोणी विचारील, मग राग करूच नये काय? अन्याय पाहूनही स्वस्थ बसावे? हा प्रश्न द्रौपदीने वनवासात धर्मराजाला केला आहे. तिने त्या वेळी प्रल्हाद आणि बळी यांचा संवाद सांगितला. सदा क्षमा करणाऱ्याला त्याचे सेवकही जुमानत नाहीत, आणि सदा कोपणारा तर स्वजनांचा वैरी होतो. यास्तव दोहोंपैकी एकाचाच नित्य आश्रय करू नये, असे प्रल्हाद नातवाला सांगतो. आपल्या परळीस बारा ज्योतिर्लिंगांत गणला जाणारा वैद्यनाथ आहे. शिवाला अभिषेक करताना जो रुद्राध्याय म्हटला जातो, त्याचा आरंभच रुद्राच्या मन्यूला नमस्कार करून होतो, हे किती जणांच्या लक्षात येते? ऋषींनी देवाचा क्रोध नाकारला नाही. त्याला वंदन केले आणि हे धनुष्य आम्हांस कल्याणकारी होवो, अशी प्रार्थना केली.

नाथांचे आचरण या कसोटीस लावून पाहावे. स्वतःवर थुंकले तेव्हा ते शांत राहिले. परंतु श्राद्धाच्या स्वयंपाकाचा सुगंध येऊन दाराबाहेरील अस्पृश्य मानलेली माणसे ‘हे आपल्या नशिबी कोठून’ म्हणाली, तेव्हा नाथांनी ते अन्न त्यांना वाढले. ब्रह्मवृंद कोपला, नाथांना वाळीत टाकण्यापर्यंत गोष्ट गेली. नाथांनी कोणाला शिवी दिली नाही आणि वाढलेले अन्नही परत घेतले नाही. आजच्या भाषेत बोलावयाचे तर त्यांचा निषेध त्यांच्या पळीत होता. यास मी क्रोधाचे शुद्ध रूप म्हणेन. त्यात दुसऱ्याला जाळण्याची इच्छा नव्हती, स्वतःच्या मानाचा प्रश्न नव्हता, आणि पाऊलही मागे नव्हते.

हे सारे आजच लिहिण्याची निकड वाटली, त्याचे कारण आपल्या जिल्ह्याची अलीकडची स्थिती. ऑक्टोबर २०२३ मध्ये बीड आणि माजलगाव येथे घरे पेटविली गेली. त्यानंतर २०२४ च्या निवडणुकीच्या हंगामात गावागावांत जातीजातींत दुरावा वाढला. एकमेकांच्या दुकानाची पायरी चढू नये अशी भाषा झाली. कोणाची मागणी न्याय्य आणि कोणाची नाही, हा न्यायालयाचा आणि शासनाचा विषय आहे, कीर्तनकाराचा नव्हे. परंतु हा राग कोठून आला, यावर बोलण्याचा आम्हांस अधिकार आहे. या रागात सापडलेला प्रत्येक तरुण मनापासून मानतो की, मी माझ्या माणसांचे भले करतो आहे. पंगतीत पोरावर खेकसणाऱ्या त्या बादलीवाल्याचाच हा राग, फक्त भांडे मोठे झाले. परोपकाराच्या नावाने आलेला असल्यामुळे त्याला घरातली वडील माणसेही अडवीत नाहीत. उलट पाठ थोपटतात. आणि सांगण्यास क्लेश होतात, पण समोरच्या श्रोत्यांची जात पाहून दुसऱ्या जातीवर चार टोमणे मारणे, हे आमच्या काही कीर्तनकार बंधूंनाही वर्ज्य वाटत नाही. अशा कीर्तनाला टाळ्या मिळतात, बिदागीही मिळते. गळ्यात वीणा घालून नारदाच्या गादीवर उभे राहिलेल्या माणसाने हे करावे, याहून मोठे दुर्दैव मला ठाऊक नाही.

घरातल्या क्रोधाला घरातूनच कोणी आवरले पाहिजे. प्रत्यक्ष ज्ञानेश्वरमाउली लोकांच्या बोलण्याने खिन्न होऊन झोपडीची ताटी लावून बसली, तेव्हा बाहेर उभी राहून समजूत घालणारी मुक्ताबाई वयाने धाकटी होती. आपल्या घरात धाकट्या सुनेला, शाळकरी मुलीला एवढे बोलण्याची मुभा आहे काय, हे प्रत्येक कुटुंबप्रमुखाने स्वतःशी तपासून पाहावे.

या षष्ठीस आणि पुढे येणाऱ्या सप्ताहांत काही साध्या गोष्टी करता येतील. वाढप्यांनी निर्जळ उपवास करू नये. हे ऐकून काही भाविक नाराज होतील. पण रिकाम्या पोटाने दुपारी दोनपर्यंत वाढणाऱ्या माणसाची जीभ ताब्यात राहत नाही, हे जुने आचारी जाणतात, आणि पंगतीपूर्वी वाढप्यांना दोन घास खाऊ घालतात. चुलीपाशी बायकाच आणि पंगतीत मिरविण्यास पुरुष, ही वाटणीही बदलावी. धूर थोडा पुरुषांच्याही डोळ्यांत जाऊ द्यावा. आणि मंडळींत जो अतिशय तापट असेल, त्याच्या हाती बादली देऊ नये, त्याला पाणी भरण्याच्या कामी लावावे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. नाथांच्या वाड्यातील रांजण श्रीखंड्याच्या रूपाने प्रत्यक्ष भगवंताने बारा वर्षे कावडी वाहून भरला, अशी आपली श्रद्धा आहे, आणि आजही तुकाराम बीजेपासून भाविक घागरी घेऊन तो भरण्यास रांगेत उभे राहतात.